दुधासारखा रंग

शाळेत तुम्ही स्प्रे वर्क केलंच असेल. कागदावर पिंपळाचं पान ठेवायचं, जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा. रंग फार पातळ झाला की मोठाले ठिपके पडतात, घट्ट राहिला की काही उडतच नाही. एअरब्रश हा त्या टूथब्रशचा शहाणा थोरला भाऊ. पेनासारखा हातात धरायचा. कॉम्प्रेसरची हवा त्यातून जाते आणि सुईच्या टोकाशी रंगाचं धुकं होतं. रंग ज्या भोकातून येतो ते बरेचदा 0.3 मिलिमीटरचं असतं. तेवढ्यातून बाटलीतला घट्ट अॅक्रिलिक रंग कसा जाणार? तो पातळ करावा लागतो. किती, तिथेच सगळी गंमत आहे.

माझा भाचा आठवीत आहे. मे महिन्यात तो आमच्याकडे कळंबला येतो, पण समुद्रावर कमी आणि माझ्या टेबलापाशी जास्त असतो. यंदा त्यानं मिग-21 विमानाचं मॉडेल जोडलं, 1:72 मापाचं. हे विमान आपल्या हवाई दलात 1963 साली आलं आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झालं. नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते बनत असे. भाच्याचे आजोबा तिथेच कामाला होते. दिवाळीत त्यांच्या हातात हे मॉडेल ठेवायचं, असा बेत!

पठ्ठ्याला धीर कुठला? त्यानं बाटलीतला रंग तसाच कुंचल्यानं डाव्या पंखावर फासला. रंग सुरेख होता, पण पंखावरच्या रिव्हेटच्या बारीक टिकल्या आणि पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा पार बुजल्या. आणि आजोबा तर नेमकं तेच बघणार!

आता एक गणित करा. रंगाचा थर फक्त 0.1 मिलिमीटर, म्हणजे केसाएवढा जाड आहे असं धरा. त्याला 72 नं गुणा. खऱ्या विमानावर तो 7.2 मिलिमीटर झाला असता. विमानाला रंग दिला म्हणायचं की गिलावा केला? इथून जवळच अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्यांना जाड रंग चढवतात तो ठीक आहे, त्याला खाऱ्या पाण्यापासून लाकूड वाचवायचं असतं. आपल्या वीतभर विमानाला पोहायचं नाही.

पंखावरचा रंग काढण्यात एक दुपार गेली. मग आम्ही औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण घेतलं. आधी थिनर आणि मग रंग, निम्मा निम्मा, आणि हळूच ढवळायचं. थिनर शक्यतो त्या रंगाच्याच कंपनीचं घ्या. काही अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये छान मिसळतात, तर काहींच्या त्यात रबरासारख्या गुठळ्या होतात आणि मग नोझल साफ करत बसा! काही रंग पाण्यानंही पातळ होतात. तेव्हा विहिरीचं पाणी नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बरं. पण पाणी बेतानं. फार झालं तर रंगाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरळ होतो आणि प्लॅस्टिकवर रंगाचे मोती होऊन घरंगळतात.

बरोबर झालं हे कसं ओळखायचं? काडीनं रंग टोपणाच्या कडेवर चढवा आणि सोडा. दुधासारखा खाली उतरून मागे पुसटसा पडदा राहिला, तर जमलं. तिथेच चिकटून बसला तर थेंबभर थिनर आणखी. काहीच मागे राहिलं नाही तर रंग वाढवा. मग आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर उडवून बघा. कागदावर नको, कागद ओल पिऊन टाकतो आणि खोटी शाबासकी देतो. कॉम्प्रेसरचा दाब 15 ते 20 पीएसआय, अंतर चार बोटं.

भाच्यानं हे प्रमाण वहीत लिहून चौकट केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच प्रमाण घेतलं, तर चमचा पॉलिश पेपरसारखा खरखरीत! झालं होतं असं, की ऊन आणि वाऱ्यामुळे रंगाचे कण चमच्यापर्यंत पोचायच्या आतच वाळत होते. सुईच्या टोकावरही रंग सुकून बसला होता. रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घातले, टोक ओल्या कापसानं पुसलं, तेव्हा गाडी रुळावर आली. पावसाळ्यात इथे वेगळीच तऱ्हा असते. समुद्राकडची दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली की नळीत पाणी जमतं आणि नेमका पंखावर थेंब थुंकतं. त्यासाठी नळीला पाणी अडवणारी बाटली लावावी लागते. भाच्यानं चौकटीशेजारी आता तारीख, वेळ आणि 'वारा आहे' असंही लिहिलंय.

आणि हो, अॅक्रिलिकला फारसा वास येत नाही म्हणून मास्क टाळू नका. ते धुकं नाकातून थेट फुप्फुसात जातं. खिडकी उघडी हवी, घरातलं मोठं माणूसही जवळ हवं.

डाव्या पंखावर चार पातळ थर बसलेत, प्रत्येक थर वाळू देऊन. दिव्याखाली तिरका धरला की रिव्हेट मोजता येतात. उजवा पंख उद्या सकाळी, वारा सुटायच्या आत.