आमच्या वाट्याची मिरची

धान निघाले की आमच्या भागातल्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना हे नवे नाही. बल्लारशा स्टेशनवर पोती, गंज, तवे आणि लेकरे घेऊन बसलेली माणसे त्यांनी पाहिलीच असतील. त्यांतच आम्ही दोघे नवरा-बायको असतो.

दिवसभर वाकून मिरची तोडायची. हाताची आग रात्री धुऊनही जात नाही. लेकरू रडले तरी माय त्याच्या डोळ्याला हात लावत नाही.

आमची मजुरी पैशात नसते, मिरचीतच मिळते. ती वाळवायची, पोत्यात भरून गावी आणायची आणि व्यापाऱ्याला विकायची. म्हणून भाव पडला की आमची मजुरीही पडते. २०२३ साली भाव चढा होता. २०२५ च्या फेब्रुवारीत तो इतका उतरला, की केंद्र सरकारला आंध्रच्या मिरचीसाठी क्विंटलला ११,७८१ रुपये भाव जाहीर करावा लागला. काम तेच, वाकणे तेच, पण दिवसाचा दाम निम्म्यावर आला.

याचा दोष शेतमालकाला द्यावा काय? त्याच्याही डोक्यावर बियाणे, औषध आणि सावकार असतो. भाव कोसळला म्हणून २८ एप्रिल २०१७ रोजी खम्ममच्या बाजारात शेतकऱ्यांचाच संताप उसळला होता. मिरची अडत्याकडून शीतगृहात जाते, तिथून गिरणीत, मग पुडीत. तेजा जातीची मिरची तर थेट चीनला जाते. वाटेतला प्रत्येकजण आपला खर्च आणि नफा लावून ती पुढे ढकलतो. तोटा मात्र मागे ढकलला जातो, आणि सर्वांत मागे आम्ही उभे असतो.

बाजारभाव आमच्या हाती नाही. पण काटा? मागच्या खेपेला गावी आल्यावर आमच्या थोरल्या मुलीने हट्टच धरला, “बाबा, आधी घरी मोजू.” शेजाऱ्यांचा काटा आणला. पाच पोती भरली १८६ किलो. तिने वहीत लिहून ठेवले. व्यापाऱ्याच्या काट्यावर तीच भरली १७४. वर ओलाव्याच्या नावाने पोत्यामागे एक किलो कडता. हाती राहिली १६९. सतरा किलो म्हणजे आमच्यातल्या एका माणसाचे आठ दिवस! आजवर किती हंगामांचे असे आठ-आठ दिवस गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला?

पोरीने वही पुढे केली. व्यापारी आधी हसला, मग चिडला. आम्ही पोती उचलून परत आणली. तीन दिवस घरात मीठही उधारीचे होते. मग टोळीतल्या सात घरांनी माल एकत्र केला, सर्वांसमोर मोजला आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला दिला. कडता द्यावा लागला नाही. भाव तोच मिळाला, पण वजन आमचे आम्हाला मिळाले.

बंधू-भगिनींनो, यात फार मोठे काही केले असे आम्ही म्हणत नाही. पण यंदा निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. एक वही सोबत घ्या, आणि ती लिहिणारी पोर शाळेतच राहू द्या. आमची यंदा आजीजवळ राहणार आहे. मिरची तोडायला आमचे हात पुरेत.