बालाघाटात शिकलेली सायकल

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही आजवर किती सायकली चालवल्या?" मोजून पाहिलं तर स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच. लहानपणी निपाणीत शिकलो ती भाड्याची होती, तासाला दोन आणे. सीटवर बसलो की पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून चालवायची आणि तास भरायच्या आत धापा टाकत दुकानात परत न्यायची. गुडघ्यावरचे व्रण अजून आहेत. पण सायकलचं खरं सुख मला मिळालं ते आपल्या भागात नव्हे, तर शेकडो किलोमीटर लांब, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला.

१९८४ साली बँकेनं माझी तिकडं बदली केली. गावात ज्याला त्याला वाटायचं, बीडकडचा बालाघाटाचा डोंगर तोच हा! मी स्वतःसुद्धा आधी तिकडंच शोधत होतो. नागपूरहून गाडी बदलून गोंदिया आणि तिथून अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, असा तेव्हाचा प्रवास. मिरज–पंढरपूरची बार्शी लाईट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निराळं सांगायला नको. माझी चोवीस इंची अ‍ॅटलास ब्रेकव्हॅनमधून आली. उतरवून घेतली तेव्हा घंटीची वाटी गायब होती. ती कुठल्या स्टेशनात गेली देव जाणे.

वैनगंगेच्या काठचं हे गाव. जिल्हा भाताचा, जंगलाचा आणि मँगनीजचा. बाजारात हिंदी, घराघरात पोवारी किंवा मराठी, आणि एकाच वाक्यात तिन्ही! आपल्याकडच्या माणसाला हे अगदी घरचं वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. ज्या दिवशी आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याच दिवशी नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. शेजारचे एक आजोबा म्हणायचे, "आम्ही कुठं गेलो नाही, नागपूरच आम्हाला सोडून गेलं." असो, तो विषय मोठा आहे.

पहिलं वर्ष मी एकटाच होतो. रविवार उजाडला की सायकल काढायची. कधी गोंदिया रस्त्यानं रजेगावला, बाघ नदीपर्यंत. पलीकडच्या काठावर महाराष्ट्र. पुलावर उभं राहून उगीचच त्या बाजूला बघत बसायचं आणि परत फिरायचं. कधी बैहरच्या रस्त्यानं. वाटेत भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण लागते. पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींची रांग लागायची. कॅरियरला डबा, कपड्यांवर काळी धूळ, आणि गप्पा मात्र अशा रंगलेल्या की जणू सगळे जत्रेहून परतताहेत. एका पावसाळ्यात पुढं गांगुलपाऱ्याचा धबधबा बघायला गेलो. जाताना चढानं जीव नको केला. येताना ओल्या उतारावर मागचा ब्रेक धरेना. दोन्ही चपला रस्त्याला घासत खाली आलो. एक चपल तिथंच राहिली. पोचलो तेव्हा भीतीपेक्षा हसूच जास्त येत होतं. त्या एका उतारासाठी ते गाव मला आवडायला लागलं, असं म्हटलं तरी चालेल.

कार्तिकात भात पिकायला आला की रस्त्यावरून जाताना वास यायचा. चिन्नोर नावाचा तिथला बारीक, सुवासिक तांदूळ. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला अभिमान वाटला. जणू मीच पिकवला होता! दहा किलोची पिशवी कॅरियरला बांधून आणायचो, आणि घर येईपर्यंत तो वास पाठीमागून सोबत करायचा.

१९८५ मध्ये सौ. आणि मुलगा तिकडं आले. सौ.चं माहेर गोकाकचं, घरची भाषा कन्नड. बालाघाटात कन्नड कुणालाच कळत नसल्यामुळे भर बाजारात दुकानदारासमोर भाव महाग आहे की ठीक, याची चर्चा आम्ही खुशाल करायचो. शेजारच्या घरातली मुलगी लेडीज सायकलवरून शाळेला जायची. सौ. रोज दारात उभी राहून तिला बघायची. मला दिसत होतं, पण लक्षात आलं नव्हतं. एके रात्री जेवताना तीच म्हणाली, "मला येईल का हो?"

तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. त्या मुलीची सायकल पहाटे तासभर मागून घ्यायची, आणि घरामागच्या मोकळ्या मैदानात उजाडायच्या आत शिकवणी. मी सीट मागून धरून धावायचा आणि ही ओरडायची, "बिडब्याड्री! बिडब्याड्री!" सोडू नका म्हणून. तिसऱ्या दिवशी पदर चेनमध्ये अडकून फाटला. पाचव्या दिवशी दोघंही पडलो. मैदानाच्या कडेला दात घासत बसणारे दोन-चार जण होते, ते आता आमचीच वाट बघायचे. एकानं सल्ला दिला, "बाई, नजर चाकाकडं नको, लांब ठेवा." माझ्या आठ दिवसांच्या शिकवणीपेक्षा त्याचं एक वाक्य कामाला आलं. दुसऱ्या दिवशी ती पुढं बघूनच म्हणाली, "बिड्री." मी म्हटलं, "पडशील." "बिड्री अंदरी!" या वेळी मात्र ओरडली. मी हात सोडला.

महिन्याभरानं एका रविवारी मी उठून बघतो तर सौ. घरात नाही. मुलगा झोपलेला. अर्ध्या-पाऊण तासानं सायकलची घंटी वाजली. हँडलला पिशवी, पिशवीत मेथी आणि वांगी, कपाळावर घाम. "वैनगंगेपर्यंत जाऊन आले," एवढंच म्हणाली. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिचा असा चेहरा मी त्याआधी बघितला नव्हता.

१९८८ ला बदली होऊन आम्ही निपाणीला परत आलो. येताना मी हौसेनं तिच्यासाठी जुनी लेडीज सायकल घेतली होती. आईनं ती अंगणात बघितली आणि म्हणाली, "तिकडचं तिकडं ऱ्हाऊ दे. हितं सुनंनं सायकलवरनं गेलेलं लोक बघतील तर काय म्हणतील?" मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर केली आणि परत खाली घातली. सौ. मला म्हणाली, "बिड्री." शब्द तोच. पण या वेळचा अर्थ "जाऊ द्या" असा होता, आणि मी सोयीनं तोच धरला. ती सायकल दोन वर्षं उभी राहून गंजली. शेवटी भंगारवाल्याला दिली. आई जाऊनही आता वीस वर्षं झाली. दोष तिचा नव्हे, तिचा काळच तसा होता. माझा काळ तसा नव्हता, पण मी गप्प राहिलो.

मे २०२० मध्ये लॉकडाउनच्या बातम्या बघत होतो. हैदराबादहून गरोदर बायकोला आणि लहान मुलीला घरी बनवलेल्या लाकडी गाडीवर बसवून ओढत आणणारा एक मजूर दाखवत होते. तो बालाघाटचाच होता, आणि बातमीत रजेगावचं नाव आलं. आम्ही दोघंही टीव्हीसमोर गप्प झालो. मी रविवारी फिरायला म्हणून जायचो, तीच ही हद्द. थोड्या वेळानं सौ. म्हणाली, "सगळं ठीक झालं की एकदा जाऊन येऊया."

जायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. आता कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला जाते. तिथून पुढं छोटे रूळ नाहीत, मोठी गाडी आहे. आमचं घर पाडून तिथं दुकानं झालेली. मैदानाचा तर पत्ताच लागला नाही. लॉजच्या मालकांची नात अंगणात सायकल पुसत होती. सौ.नं माझ्याकडं न बघताच तिला विचारलं, "जरा देशील का गं?"

मी म्हटलं, "अगं, गुडघे..." आणि जीभ चावली.

संध्याकाळी वैनगंगेच्या काठच्या रस्त्यावर गर्दी नव्हती. मी मागून सीट धरली. सत्तरीला आलेल्या माणसाला धावता येत नाही, हे चार पावलांतच कळलं. "बिड्री," ती म्हणाली. सायकल दोनदा डावीकडं झुकली, सावरली, आणि मग सरळ निघाली. दोन्ही पिशव्या माझ्याकडंच होत्या. त्या धरून मी तिथंच उभा राहिलो.