तळघरातलं मीटर

न्यू जर्सीतल्या बऱ्याच जुन्या घरांत गॅसचं मीटर तळघरात असतं. ते वाचायला येणारा माणूस दार वाजवतो, पायपुसण्यावर बूट घासतो आणि थेट आपल्या संसाराच्या पोटात उतरतो. आमच्या तळघरात तेव्हा काय नव्हतं! पिवळ्याधमक पुडीच्या बरण्या, त्यांवर आईच्या मोडक्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, नवऱ्यानं दुरुस्तीला उघडून तसाच सोडलेला मिक्सर आणि त्याच्या लोंबत्या वायरी. भाद्रपदात तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आतून एका तालात टाळ्या-झांजा, आणि तास-दीड तासानं कपाळाला लाल गंध लावून बाहेर पडणारे दाढीवाले पुरुष. ज्याला संशयच घ्यायचा आहे, त्याला आमच्या आरतीइतकं भरघोस साहित्य दुसरीकडे मिळणार नाही.

हे गमतीनं लिहितेय, पण २००२ मध्ये हसू येत नव्हतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोलपंपाबाहेर गोळी घातली गेली. पगडी आणि दाढी एवढाच त्यांचा गुन्हा. आणि वर्षही उलटलं नव्हतं, तोच सरकारची नवी योजना आली, ‘ऑपरेशन टिप्स’. ट्रकचालक, पोस्टमन, रेल्वेचे कंडक्टर, वीज-गॅस कंपन्यांची माणसं यांनी कामावर असताना काही वावगं दिसलं तर कळवायचं. सुरुवात १० शहरांत आणि १० लाख कामगारांपासून. पोलिसांना घरात शिरायला वॉरंट लागतं. मीटरवाल्याला आपण स्वतःच दार उघडतो, पाणी हवंय का म्हणून विचारतो.

कुणी म्हणेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर तुम्हाला नवी आहे का? मुळीच नाही. मी पुण्यातल्या वाड्यात वाढले. समोरच्या काकूंना आमच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हातात पिशवी होती की नव्हती, सगळं ठाऊक असे. दुपारपर्यंत ते वाड्यालाही ठाऊक होई. पण आई त्यांना नळावर गाठून चार शब्द सुनवू शकत होती, आणि सुनवायचीही. बाबा दवाखान्यात होते तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नाही हेही त्याच डोळ्यांनी टिपलं, आणि न सांगता डबा आला. काकूंनी आमच्याबद्दल काय सांगितलं ते शेवटी आमच्या कानावर यायचंच. दफ्तरातली नोंद तशी कानावर येत नाही. तिच्याशी नळावर भांडता येत नाही.

पूर्व जर्मनीतल्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलिसांची दफ्तरं १९९२ मध्ये लोकांना खुली झाली. व्हेरा वोलेनबर्गर या राजकीय कार्यकर्तीला आपली फाइल वाचताना कळलं की ‘डोनाल्ड’ या नावानं आपल्या बातम्या पुरवणारा खुद्द आपला नवरा होता. एकाच टेबलावर जेवून उठायचं आणि मग लिहायला बसायचं! ते कसं जमतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

अमेरिकेत ती वेळ आली नाही, कारण नकार अनपेक्षित ठिकाणांहून आले. जुलैमध्ये टपालखात्यानं आपण यात नाही, असं सांगितलं. नागरी हक्कवाले तर विरोधात होतेच. पण घाव घातला तो टेक्ससचे डिक आर्मी यांनी. हे राष्ट्राध्यक्ष बुशांच्याच पक्षाचे, प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते आणि कट्टर उजवे. होमलँड सिक्युरिटी नावाचं अवाढव्य खातं ज्या कायद्यानं जन्माला आलं, त्याच कायद्यात त्यांनी ‘टिप्स’वर बंदी घालणारं कलम बसवलं. नोव्हेंबरमध्ये बुशनी सही केली. आर्मींची इतर मतं मला फारशी पटणारी नव्हती. या एका कलमासाठी मात्र मी त्यांना आमच्या घरचे मोदक आनंदानं वाढले असते.

अशा योजना मरतात, पण त्यांचं बियाणं मरत नाही. २०२१ मध्ये भारताच्या गृहमंत्रालयानं इंटरनेटवरचा बेकायदा मजकूर हुडकून कळवणारे स्वयंसेवक नोंदवायला घेतले. या कामासाठी आगाऊ पडताळणीचीही अट नव्हती. माझा भाचा फोनवर अगदी उत्साहात होता, देशसेवा म्हणून नाव घालतोय म्हणाला. मी विचारलं, “ज्याच्याविरुद्ध कळवशील, त्याला तुझं नाव कळलं तर चालेल?”

“छे! मावशी, मग कळवेल कोण?”