पाहुण्यांच्या घरीं

आमच्या खराडींत 'हाक्का नूडल्स' हे शब्द हातगाड्यांवर आम्ही नित्य वाचतों. परंतु हाक्का हें चिनी लोकांतील एका समाजाचें नांव असून त्याचा अर्थ 'पाहुणे कुटुंबें' असा होतो, हें गेल्या नाताळच्या सुटींत सहकुटुंब कलकत्त्यास जाईपर्यंत आमच्या गांवींहि नव्हतें.

पहाटे टिरेटा बाजारांत उकडलेले सारणाचे पाव व माशांच्या गोळ्यांचें सार आम्ही मिटक्या मारीत खाल्लें. आजीच्या गळ्यांत तुळशीची माळ. तिनें चहावर भागविलें. नंतर टँगऱ्यास गेलों. येथील हाक्का लोक पिढ्यानपिढ्या कातडीं कमावीत. १९६२ च्या युद्धानंतर देशांतील सुमारें ३००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानांत देवलीच्या छावणींत डांबण्यांत आलें. पुढें कित्येक हाक्का कुटुंबें कॅनडांत गेलीं. कारखानेहि बानतल्याला हलले व त्या जागीं उपाहारगृहें उभीं राहिलीं.

अशाच एका उपाहारगृहाच्या वृद्ध मालकांस आजीनें मोडक्या हिंदींत विचारलें, "गांव कोणतें तुमचें?"

"हेंच. माझ्या वडिलांचा जन्महि इथलाच."

आजी गप्प झाली. खराडींतलें आमचें ज्वारीचें शेत जाऊन तेथें इमारती आल्यापासून शेजारच्या बिऱ्हाडांस ती 'बाहेरचे' म्हणते, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

जवळच चिनी कालीमंदिर आहे. तेथें देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवितात. प्रसाद पुढें आला तेव्हां बाबा आजीकडे पाहूं लागले. तिनें माळ डोळ्यांस लावली, दोन बोटांनीं एक लांब शेवई उचलली आणि "मीठ कमी आहे," असें म्हणत आणखी मागितला.