मोडणारा हात, जोडणारा हात

आम्हां दोघा भावांचे बालपण देवनारच्या एका वसाहतीत गेले. तेथील सभागृहात संध्याकाळी कराटेचा वर्ग भरत असे. एका पावसाळ्यात सराव चालू असताना आमच्यापैकी धाकट्याचे कोपर निखळले. सांधा कसा निखळवावा याचे प्रात्यक्षिक शिक्षक नेहमी दाखवीत. तो बसवावा कसा, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. आई-वडिलांनी त्याला जवळच्या एका हाडवैद्यांकडे नेले. तारुण्यात कुस्ती केलेले ते गृहस्थ. त्यांनी कोमट तेल चोळले, बोलण्यात गुंतवून हात खेचला, कामट्या बांधल्या आणि पैसे घेण्यास नकार दिला. वेदना थांबली, पण हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. सांध्यालगतचे हाडही मोडले होते व ते वाकडे जुळले, हे वर्षभरानंतर काढलेल्या क्ष-किरण चित्रात दिसले.

लढण्याची आणि बरे करण्याची विद्या एकाच हाती असावी काय, हा प्रश्न त्यामुळे आमच्या घरी पुस्तकी राहिला नाही. पुढे शोरिंजी केम्पो या जपानी युद्धकलेविषयी वाचताना तोच पुन्हा समोर आला. दोशिन सो (जन्म १९११) हे तिचे संस्थापक. मांचुरियातील वास्तव्यानंतर १९४६ साली ते जपानला परतले, तेव्हा देश पराभवाने खचलेला होता. उपासमार आणि काळाबाजार माजला होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये शिकोकू बेटावरील तादोत्सु या गावी त्यांनी तरुणांना शिकवण्यास आरंभ केला. या कलेची तीन अंगे आहेत. प्रहार व त्यांचा बचाव म्हणजे 'गोहो', पकड सोडवणे व प्रतिस्पर्ध्याला पाडणे म्हणजे 'जुहो', आणि मर्मस्थाने दाबून शरीर पूर्ववत करणे म्हणजे 'सेइहो'. बळ आणि प्रेम ही दोन नव्हेत, हे तिचे सूत्र.

शोरिंजी म्हणजे चीनमधील शाओलिन मठ. तेथील एका भित्तिचित्रात सावळे आणि गोरे भिक्षू जोडीजोडीने सराव करताना दिसतात. त्या चित्रापासून आपल्याला प्रेरणा मिळाली, असे सो सांगत. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने ही विद्या तेथे नेली, ही आख्यायिका आपल्यालाही सुखावते. परंतु बोधिधर्माचे नाव व्यायामाशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्या काळानंतर हजारएक वर्षांनी आलेला. आमच्या मते या संगमाचा खरा उगम सरावाच्या जमिनीवर आहे. ज्याला रोज पाडायचे तोच उद्याही जोडीदार म्हणून हवा असतो. त्याचा सांधा बसवता आला नाही तर सरावच थांबतो. जपानच्या जुन्या जुजुत्सू परंपरांत बेशुद्धाला शुद्धीवर आणण्याच्या आणि हाड बसवण्याच्या युक्त्या होत्याच. सो यांनी जुन्या गरजेला नवी नैतिक चौकट दिली.

आपल्या तालमींतही हेच घडत आले. वस्ताद डाव शिकवी आणि लचकलेला पायही बसवी. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव लाठी-बोथाटीसाठी जितके प्रसिद्ध होते, तितकेच अस्थिचिकित्सेसाठीही. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाला. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी योगक्रिया क्ष-किरणांपुढे आणि दाबमापकांपुढे आणल्या, आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. गुरूने सांगितले म्हणून खरे, एवढ्यावर त्यांनी भागवले नाही. तालमीत घडलेल्या माणसाने परंपरेला स्वतःहून परीक्षेस बसवावे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

जपानने हेच काम कायद्याने केले. ज्यूदोच्या परंपरेतील हाड बसवणाऱ्यांना १९२० साली तेथे परवान्याची मान्यता मिळाली. आज त्यासाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे. शिवाय एक अट आहे: हाड मोडले वा सांधा निखळला असेल, तर प्रथमोपचार सोडून पुढील उपचार डॉक्टरांच्या संमतीशिवाय करायचे नाहीत. आपल्याकडे अस्थिवैद्य पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या उपयोगी पडले. पण त्यांच्या विद्येची सीमा त्यांना कोणी आखून दिली नाही, आणि दवाखान्यांनी त्यांच्याकडून काही शिकूनही घेतले नाही.

ती एक अट देवनारात कोणी पाळली असती, तर धाकट्याचा हात आज सरळ असता. तरीही त्या हाडवैद्यांविषयी आमच्या मनात कडवटपणा नाही. रडणाऱ्या मुलाला त्यांनी ज्या मायेने जवळ घेतले, ती माया नंतरच्या कोणत्याही तपासणीत आमच्या वाट्याला आली नाही. त्यांचा हात जाणता होता. फक्त 'हे माझ्या आवाक्यातले नाही' असे म्हणण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती. लढणाऱ्याने आणि बरे करणाऱ्याने, दोघांनीही आधी हे वाक्य शिकावे, असे आता आम्हां दोघांना वाटते.