छाटणीच्या आत अंक

द्राक्ष बागायतदाराच्या हातात पैसा येतो तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. माल उतरतो, व्यापाऱ्याचा हिशेब होतो. बेदाणा केला असेल तर सौद्याची वाट बघत आणखी थांबावं लागतं. बाकीचं वर्ष औषधं, खतं आणि मजुरी यांत जातं, आणि त्यातलं बरंचसं उधारीवर चालतं. म्हणून आमच्या मासिकाचं वर्गणीचं वर्ष मी जानेवारीत कधीच धरलं नाही. ते काढणीनंतरच्या, एप्रिलच्या खरड छाटणीपासून सुरू होतं. बागेचं नवं वर्ष तेव्हा सुरू होतं, तेच वाचकाचंही.

तासगावातून मी द्राक्षशेतीवरचं एक छोटं मासिक काढते. पहिला अंक 2005 च्या सुरुवातीला निघाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीचं दैनिक सुरू झालं. ओळखीतल्या बऱ्याच जणांना वाटलं की आता संपलं. शेतीची माहिती रोज सकाळी दारात पडायला लागल्यावर महिन्याचा अंक कोण घेणार? शिवाय कृषी खात्याचं ‘शेतकरी’ मासिक होतं, बागायतदार संघाचं ‘द्राक्षवृत्त’ होतं. माझ्याकडे कृषी पदवी, वडिलांची थॉमसन द्राक्षांची बाग आणि सांगलीतल्या एका प्रेसमध्ये मिळालेली महिनाभराची उधारी, एवढंच भांडवल होतं.

आमच्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ काढायला सुरुवात केली, ती नांगर बनवणाऱ्या एका कारखान्याचं बातमीपत्र म्हणून. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आलं, आणि मराठी घराघरांत ही मासिकं वाचली जाऊ लागली. पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब, माळावरच्या वसाहतीत हे घडलं, याचा मला फार आधार वाटायचा. तिथली सुरुवात कामातून जोडलेल्या माणसांपासून झाली होती. मीही तिथूनच सुरुवात करायची ठरवलं.

कृषी प्रदर्शनात स्टॉल लावून, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात अंक देऊन नावं गोळा करता येतात. तशी मी केलीही. वह्या भरायच्या. पण त्या वहीतली माणसं वर्षाअखेरीला परत यायची नाहीत. एका औषध कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी एकगठ्ठा वर्गण्या भरल्या तेव्हा छपाईचा आकडा एकदम वर गेला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यातले मोजकेच उरले. ज्याने स्वतःच्या खिशातून पैसे काढले नाहीत त्याला अंक आला काय नि नाही काय, सारखंच. त्यानंतर मी एकगठ्ठा वर्गणी घेणं बंद केलं. जाहिराती घेते, त्यांच्याशिवाय कागदाचा खर्च निघत नाही. पण जाहिरातीवर ‘जाहिरात’ असं ठळक छापते आणि लेखात कंपनीचं नाव न घालता औषधातला घटक सांगते.

टिकणारा वाचक आला तो सोयरिकीतून. सावळजच्या बागायतदाराने अंक मेहुण्याला दाखवला, मेहुणा पंढरपूरजवळच्या कासेगावचा. तिथून एका बेदाणा शेडवर, शेडवरून बेदाण्याच्या सौद्यात. नाशिककडे पहिला अंक गेला तो लग्न होऊन पिंपळगाव बसवंतला गेलेल्या एका मुलीबरोबर. तिच्या माहेरी अंक यायचा; सासरी गेल्यावर तिने स्वतःच्या नावाने वर्गणी भरली. तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे. संध्याकाळी ती सासऱ्यांना अंक मोठ्याने वाचून दाखवायची, आणि वाचता वाचता बागेच्या निर्णयात तिचा शब्द धरला जायला लागला, असं तिने लिहिलं होतं. विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवणं, हे आमच्याकडे मुख्यतः बायकांच्या हातचं काम. कुठला मणी काढायचा, कुठला ठेवायचा, हे त्यांच्या बोटांना कळतं. त्या पत्रानंतर मी विरळणीवरची पानं विरळणी करणाऱ्या बायकांशी बोलूनच लिहायला लागले.

सगळ्यात मोठा बदल सटाण्याच्या एका वाचकाच्या फोनमुळे झाला. बागलाणात हंगाम लवकर धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये फळछाटणी, म्हणजे माल धरण्यासाठीची वर्षातली दुसरी छाटणी, आणि डिसेंबर-जानेवारीत माल बाजारात, भाव चांगला असतो तेव्हा. आमच्या सांगलीकडे फळछाटणी मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरची. तो म्हणाला, “ताई, तुमचा अंक वाचतो तेव्हा आमचं ते काम होऊन गेलेलं असतं. चांगलं लिहिता, पण आमच्या काय कामाचं?”

महिन्याच्या नावाने लिहिणं मी त्या फोननंतर सोडलं. ‘नोव्हेंबरमधील कामे’ असं सदर गेलं आणि त्याजागी फळछाटणीनंतरच्या दिवसांवर पानं बांधली. डोळे फुटावेत म्हणून लावलेल्या पेस्टनंतर ते फुटणं, कोवळ्या फुटीची पोंगा अवस्था, साधारण पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवसाच्या आसपास येणारा फुलोरा, मग डिपिंग, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, आणि एकशेवीस-एकशेचाळीस दिवसांच्या टप्प्यात काढणी. वाचकाने आपली छाटणीची तारीख पहिल्या पानावरच्या रिकाम्या चौकटीत लिहायची आणि तिथून मोजायचं. एकच अंक सटाण्यालाही चालला, तासगावलाही. शिवाय तो फेकून देण्यासारखा राहिला नाही. आजही एखाद्या शेडमध्ये गेले की खिळ्याला अडकवलेला, औषधाचे डाग पडलेला जुना अंक दिसतो.

यातून दुसरी जबाबदारी आली. पोंगा अवस्थेत काय करायचं हे फुलोऱ्यात हातात पडलं तर उपयोग नाही. सवलतीच्या दराने अंक टपालात टाकायचा तर त्याची नोंदणी लागते आणि ठरलेल्या तारखांनाच तो टाकावा लागतो. मी त्या तारखेच्या पुढे कधी गेले नाही. घरी लग्न असो, दवाखाना असो, अंक टाकला. पण टपालात टाकलेला प्रत्येक अंक पोचतोच असं नाही, आणि छाटणी जवळ आली की फोन सुरू होतात.

“ताई, अंक आला न्हाय अजून. छाटणी तोंडावर आलीया.”

असा फोन आला की मी दुसरा अंक त्याच दिवशी पाठवते. तो मागतोय म्हणजे तो वाट बघतोय. मासिक चालवणाऱ्याला याहून चांगली बातमी नाही. ज्याचा अंक चुकला आणि त्याने फोनही केला नाही, त्याची मला काळजी वाटते. म्हणून वर्गणी संपत आलेल्यांना मी छापील स्मरणपत्र पाठवत नाही, फोन करते. वर्गणीचा विषय शेवटी. आधी छाटणी कधी धरणार, काड्या कशा आहेत, पाण्याचं काय. या बोलण्यातून पुढच्या दोन अंकांचे विषय मिळतात. एप्रिल छाटणीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात काडीमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या हंगामाचं पीक त्या रणरणत्या मे-जूनमध्येच ठरतं, आणि नेमकं तेव्हा थकलेला बागायतदार बागेकडे पाठ फिरवतो. हे फोनवर इतक्या जणांकडून कळलं की सबकेन (शेंडा खुडून काढलेली उपकाडी) आणि उन्हाळ्यातल्या पाण्यावर मी दर वर्षी नव्याने लिहिते, आणि दर वर्षी ती पानं सगळ्यांत जास्त विचारली जातात.

आता ‘एक बाग’ या सदराविषयी. दर एप्रिलला आम्ही कुठल्या तरी एका वाचकाची बाग निवडतो आणि खरड छाटणीपासून काढणीपर्यंत तिच्या नोंदी दर महिन्याला छापतो. फवारणी, खर्च, मजूर, पाऊस, काय साधलं, काय फसलं, सगळं त्याच्याच डायरीतून. यशोगाथा छापायच्या नाहीत हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. एकरी लाखांचे आकडे आणि फेटा बांधलेला फोटो असला की वाचक पान उलटतो, कारण ती गोष्ट संपलेली असते. चालू असलेली बाग वेगळी. फुलोऱ्यात ढगाळ हवा धरली, डाऊनी रोगाची भीती आहे, आणि अंक तिथेच संपतो. पुढच्या महिन्यापर्यंत गावोगावचे बागायतदार त्या अनोळखी बागेची चौकशी करत राहतात. कादंबरी क्रमशः वाचताना जीव लागतो तसाच हा जीव लागतो, फरक एवढाच की इथे पुढचं प्रकरण माझ्याही हातात नसतं.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने राज्यभरातल्या द्राक्षबागांचं काय केलं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. त्या वर्षीची सदरातली बाग नेमकी फुलोऱ्यात सापडली. डाऊनी घडांवर चढली, फवारायला ट्रॅक्टर आत जाईना, जमीनच उभं राहू देईना. त्या बागायतदाराने मला विचारलं, “आता काय छापणार? थांबवू या का?” मी म्हटलं, तुमची तयारी असेल तर थांबवायचं नाही. तो तयार झाला. घड काढून टाकलेल्या बागेचं काय करायचं, वेली जगवायला किती खर्च करायचा, सोसायटीचं कर्ज कसं फिरवायचं, हे त्याने महिन्यामागून महिना लिहून दिलं. त्याच्या नावाने आलेली पत्रं मी पिशवीत घालून त्याला नेऊन दिली. त्या हंगामात लोकांकडे पैसे नव्हते, तरी एप्रिलमध्ये वर्गण्या आल्या. कुणी निम्मी भरली, बाकी माल निघाल्यावर देतो म्हणाला आणि दिली.

तो एप्रिल 2020 चा होता. टाळेबंदीत प्रेस बंद, टपाल अडकलेलं. काढणीला आलेली द्राक्षं घ्यायला व्यापारी येईना, तेव्हा ज्याला जमेल त्याने माल बेदाण्याकडे वळवला. ज्यांनी आयुष्यात कधी बेदाणा वाळवायचे रॅक बांधले नव्हते त्यांना ते कसे बांधायचे हे सांगणारी पानं आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. अंक छापून गेला तो नंतर.

व्हॉट्सअ‍ॅपमुळे वाचक तुटतील का, हे मला सारखं विचारलं जातं. दर गावात द्राक्षाचे ग्रुप आहेत, पानाचा फोटो टाकला की पाच मिनिटांत दहा औषधांची नावं येतात. घाई असते तेव्हा त्याचा उपयोग होतो आणि मीही तो करते. पण दहा नावं सांगणाऱ्यांपैकी कुणीही पुढच्या आठवड्यात विचारत नाही की काय झालं. वाचक परत येतो तो या विचारण्यासाठी, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. 2010 मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली, तेव्हा आमच्याकडे प्रश्नांचा पाऊस पडला. कुठल्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, याचा तक्ता आम्ही छापला. त्याहून मोलाचं होतं ते पुढचं. ज्यांनी प्रश्न विचारले होते त्यांच्या मालाच्या तपासणीचं काय झालं ते आम्ही काढणीनंतर प्रत्येकाला विचारलं आणि त्यांच्या परवानगीने छापलं. त्या वर्षी पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आजही वर्गणीदार आहेत. काहींच्या जागी आता मुलाचं नाव लेबलवर आहे.

पत्राला उत्तर जातंच, हा आमचा नियम आहे. छापण्याजोगं नसलं तरी जातं. उत्तर माहीत नसेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांना किंवा एखाद्या जुन्या बागायतदाराला विचारून कळवते, आणि कुणाला विचारलं तेही सांगते. या कामात दिवसाचा मोठा भाग जातो. नवे वर्गणीदार मिळवायला तोच वेळ दिला तर मासिक दुप्पट होईल, असं मला हितचिंतक सांगतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे नवा वर्गणीदार जुन्याच्या तोंडून येतो, आणि जुन्याने दुसऱ्याला सांगावं असं काहीतरी त्याच्या बाबतीत आधी घडावं लागतं.

यंदाच्या ‘एक बाग’साठी मी कवठेमहांकाळ तालुक्यातली जागा निवडली आहे. जुनी बाग काढून टाकलेली, नव्याने लागण. फेब्रुवारीत डॉगरिज जातीचे खुंट लावले, त्यांवर द्राक्षाचं कलम भरायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि पहिला माल दिसायला पुढचं वर्ष उलटेल. एका हंगामात न संपणारी ही आमची पहिलीच बाग. प्रेसवाल्यांनी विचारलं, ज्या बागेत घडच नाही तिचं दर महिन्याला काय छापणार? चरातली माती, पाण्याचा क्षार, मांडवाचा खर्च, मरतुक झालेले खुंट, कलम भरणाऱ्या टोळीची मजुरी. आमचे निम्मे वाचक येत्या काही वर्षांत जुनी बाग काढायची की ठेवायची या विचारात आहेत. पहिली नोंद एप्रिलच्या अंकात गेली, आणि शेजारच्या गावातून दोघांनी फोन करून ती जागा बघायला जाऊ का म्हणून विचारलं. मालकाला विचारून मी त्यांना रविवार सकाळची वेळ कळवली आहे.