गुलाब कुणाचा

१७ ऑक्टोबर २०२५ ला जगदलपुरात २१० नक्षलवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांच्या हाती संविधानाची प्रत आली आणि एकेक गुलाब. रायपुरात घरी बसून बातम्या पाहताना माझी नजर त्या गुलाबावरच अडकली. संविधान सगळ्यांचंच, त्याबद्दल बोलणं नाही. पण गुलाब कुणीतरी कुणाला तरी देतं. २५ मे २०१३ ला झिरम घाटीतल्या नक्षली हल्ल्यात ज्यांची माणसं गेली, त्यांच्या वतीनं तो कोण देणार? अर्थात, गुलाब घेताना बाविशीत असलेला पोरगा झिरमच्या वेळी दहा वर्षांचा होता. त्याच्याकडून कसला हिशेब मागायचा, हेही मला सांगता येत नाही.

हाच पेच फार लहान मापात इथे रायपुरातल्या तात्यापाऱ्यात आमच्यासमोर आला होता. गल्लीतल्या मुलांच्या गुणगौरवासाठी आमची बैठक होती आणि यादीत एका पोराचं नाव होतं. बारावीला उत्तम गुण. दोन वर्षांपूर्वी यानंच लायसन्स नसताना बाइक चालवून गल्लीतल्या एका काकांना उडवलं होतं आणि न थांबता पळाला होता. काका तेव्हापासून काठी घेऊन चालतात. बैठकीतले वकील म्हणाले, २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ पाहा. अल्पवयातली अशी चूक पुढे आडवी येऊ द्यायची नाही, मुदतीनंतर नोंदसुद्धा नष्ट करायची. कायदा शहाणाच आहे. पण गल्लीला काठीचा आवाज रोज ऐकू येतो, त्याचं काय करायचं?

शेवटी कुणीतरी विचारलं, "काकांना विचारलंत का?" नव्हतं विचारलं. आम्ही परस्पर क्षमा करून मोकळे होत होतो, किंवा परस्पर शिक्षा.

काका म्हणाले, "द्या की बक्षीस. पण दोन वर्षं पोरगं मला पाहून रस्ता बदलतंय. एकदा घरी येऊ दे."

निरोप मी नेला. पोरगा बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "पर बोलूँ क्या?" इथली आमची पोरं अडचणीत आली की हिंदीत शिरतात. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

तरी आम्ही काकांच्या घरी गेलो. तो आत गेला, मी बाहेर पायरीवर बसलो. अर्ध्या तासानं आला. डोळे लाल, हातात काकांची काठी.

"खालचं रबर पार झिजलंय," तो म्हणाला. "नवीन कुठं मिळेल?"